ज्येष्ठ मिशनरी दांपत्य म्हणून परदेशात सेवा: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

निवृत्तीनंतर नवरा-बायकोनं मिळून वर्ष-दीड वर्ष परदेशात चर्चच्या सेवेला जायचं, तेही पदरचे पैसे घालून, ही रीत काही ख्रिस्ती पंथांत आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यात मुख्यालय असलेल्या ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’मध्ये (लोक ‘मॉर्मन’ म्हणतात, 2018 पासून चर्चनं मात्र पूर्ण नावाचा आग्रह धरलाय) या सेवेची रीतसर अर्जप्रक्रिया आहे. खालची माहिती मुख्यतः तिच्याबद्दल आहे. व्हिसाचा भाग मात्र कुठल्याही चर्चच्या माणसाला उपयोगी पडेल.

फॉर्म भरणं यात सगळ्यात सोपं. गाडी अडते ती तब्येतीवर, पैशांवर आणि व्हिसावर. व्हिसा कुठला लागणार हे तुम्ही तिथं दिवसभर काय करणार यावर ठरतं, म्हणून आधी कामाचं बघू.

दिवसभर काम काय असतं?

मिशनरी म्हटलं की दारोदार फिरणारे पांढऱ्या शर्टातले दोन तरुण डोळ्यांसमोर येतात. ज्येष्ठ जोडप्यांकडून ते अपेक्षित नसतं. तरुणांना सकाळी साडेसहाला उठायचं आणि रात्री साडेदहाला दिवा मालवायचा अशी शिस्त असते, तीही ज्येष्ठांना लागू नाही. जोडीदार बदलण्याचा प्रश्नच नसतो, नवरा-बायकोच एकमेकांचे सोबती. छातीवर काळा बिल्ला, आणि चारचौघांत नवरा ‘एल्डर’ अमुक, बायको ‘सिस्टर’ अमुक. पहिल्या नावानं कोणी हाक मारत नाही.

बरीच जोडपी मिशनच्या कार्यालयात बसतात. तिथलं काम म्हणजे सरळ सरळ कारकुनी: तरुण मिशनऱ्यांच्या व्हिसाच्या तारखा सांभाळायच्या, त्यांच्या भाड्याच्या खोल्यांचे करार बघायचे, वीज-पाण्याची बिलं भरायची, गाड्यांची देखभाल करायची, घरून आलेली पार्सलं पोचवायची. त्या खोल्यांची तपासणीही त्यांच्याकडेच येते, आणि विशीतली चार मुलं जिथं राहतात तिथल्या सिंकची अवस्था काय असते हे वेगळं सांगायला नको. काही जोडपी पाणीपुरवठा किंवा व्हीलचेअर वाटपासारख्या मदतकार्याची देखरेख करतात. काही जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रं काढून वंशावळीच्या संग्रहासाठी पाठवतात, काही छोट्या मंडळ्यांना आधार देतात, तर काहींना मंदिरात (या चर्चमध्ये मंदिर म्हणजे रविवारच्या उपासनेच्या जागेहून वेगळी, खास विधींसाठीची इमारत) सेवा मिळते.

कोण जाऊ शकतं?

दोघंही चर्चचे सदस्य हवेत, वय किमान 40, आणि घरात 18 वर्षांखालची अवलंबून असलेली मुलं नकोत. पूर्णवेळ नोकरी चालू ठेवून हे जमत नाही. दोघांकडेही मंदिरप्रवेशाचं चालू शिफारसपत्र लागतं. ते दोन वर्षांसाठी असतं आणि मुलाखतीनंतरच मिळतं. दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला) देणं, दारू-तंबाखू-चहा-कॉफी वर्ज्य असणं हे सगळं त्या मुलाखतीत येतं. (हो, चहासुद्धा.) ज्यांना घर सोडणं शक्य नाही त्यांना घरी राहून सेवेचा वेगळा पर्याय आहे.

अर्जाचा प्रवास

सुरुवात आपल्या वॉर्डच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, प्रमुखापासून म्हणजे बिशपपासून होते. ते ऑनलाइन शिफारस सुरू करतात, मग तुम्ही दोघं आपापली माहिती भरता. त्यानंतर बिशप आणि स्टेकचे (अनेक वॉर्ड मिळून झालेल्या विभागाचे) अध्यक्ष तुमची मुलाखत घेतात आणि अर्ज मुख्यालयाकडे जातो. तरुणांना कुठं पाठवायचं ते वरून ठरतं. ज्येष्ठांना मात्र कोणत्या जागा रिकाम्या आहेत ते बघून पसंती कळवता येते. पसंती म्हणजे हमी नव्हे, तरी ती जरूर लिहावी. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट नसलेल्या शहराबद्दल इथंच स्पष्ट बोलावं.

मुदत 6, 12, 18 किंवा 23 महिन्यांची निवडता येते. नेमणुकीचं पत्र आल्यावर साधारण आठवडाभराचं प्रशिक्षण असतं. यूटातल्या प्रोव्हो इथलं केंद्र त्यासाठी ओळखलं जातं.

तब्येत आणि विमा

डॉक्टरांनी भरून दिलेला तपासणी फॉर्म, दातांची तपासणी, लसींची नोंद, क्षयाची चाचणी. यातला एक कागद राहिला तरी अर्ज पुढे सरकत नाही. दुखणं लपवू नये. मधुमेह किंवा रक्तदाब असला म्हणजे अर्ज बाद होतोच असं नाही, फक्त औषधं आणि डॉक्टर सहज मिळतील अशा ठिकाणचा विचार होतो.

विम्याचा घोटाळा बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतो. अमेरिकन ज्येष्ठांचं मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्य विमा) देशाबाहेर जवळपास कुठंच चालत नाही. म्हणून परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठ मिशनऱ्यांसाठी चर्चची ‘सीनियर सर्व्हिस मेडिकल प्लॅन’ ही वेगळी योजना आहे. तिचा हप्ताही स्वतःच भरायचा. आपल्याकडची नेहमीची मेडिक्लेम पॉलिसीही सहसा भारतापुरतीच असते.

गोळ्यांचं आणखी एक. दीड वर्षाचा साठा बॅगेत भरून नेता येत नाही. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापेक्षा जास्त न्यायची तर आधी आयात परवानगी घ्यावी लागते. तिथं काही औषधांवर तर सरळ बंदीच आहे. औषधांची यादी मूळ रासायनिक नावांसकट डॉक्टरांकडून लिहून घ्या. ब्रँडची नावं परदेशी औषधवाल्याला कळत नाहीत.

खर्च

राहणं, खाणं, विमा, तिथला प्रवास, सगळं आपल्या खिशातून. 2011 मध्ये चर्चनं घरभाड्याला महिन्याला 1,400 डॉलरची कमाल मर्यादा घातली, म्हणजे महागड्या शहरात नेमणूक झाली तरी त्यावरचा भार चर्च उचलतं. त्याच वेळी 18 महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी परदेशी जाण्याची सोय झाली, पण मग जाण्यायेण्याचं विमानभाडं स्वतःचं. आजचे आकडे बिशपकडून विचारून घ्यावेत.

व्हिसा: कामानुसार कागद

पर्यटक व्हिसावर जाऊन मिशनचं काम करायचं, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी आर-1 हा धार्मिक कार्यकर्त्यांचा व्हिसा आहे. अर्जाआधी सलग दोन वर्षं त्याच पंथाचं सदस्यत्व लागतं. आय-129 हा अर्ज तुम्ही नव्हे, संस्थेनं करायचा असतो. एका वेळी 30 महिने आणि एकूण कमाल पाच वर्षं राहता येतं. जोडीदाराला आर-2 मिळतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही. दोघंही मिशनरी म्हणून काम करणार असतील तर दोघांच्याही कामाचा उल्लेख सुरुवातीपासून कागदावर असू द्या. ब्रिटनमध्ये ‘रिलिजियस वर्कर’ हा तात्पुरता व्हिसा 24 महिन्यांपर्यंत मिळतो, आणि भारतातून जाणाऱ्यांना सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर क्षयाची चाचणी सक्तीची आहे. ऑस्ट्रेलियात सबक्लास 408 या व्हिसा प्रकारात धार्मिक कामासाठी दोन वर्षांपर्यंतची सोय आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची कागदपत्रं

पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र) पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. त्यावर आणि विवाह प्रमाणपत्रावर बऱ्याच देशांना अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणन) लागतं. ते परराष्ट्र मंत्रालय देतं, पण विवाह प्रमाणपत्रासारखे वैयक्तिक कागद त्याआधी राज्य सरकारकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात.

खरी अडचण नावांची. पस्तीस वर्षांपूर्वी चर्चमध्ये लग्न झालं, चर्चच्या नोंदवहीत बाईंचं माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं, आधारवर मधलं नाव नवऱ्याचं, आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं. आपल्याला यात वावगं काही वाटत नाही, परदेशी वकिलातीला मात्र या तीन वेगळ्या बायका वाटतात. अर्ज करण्याआधी सगळे कागद एका टेबलावर मांडून प्रत्येक नावाचं स्पेलिंग जुळवा. गरज पडली तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. हे काम आठवड्यात उरकत नाही.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका. ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहरा दाखवून तो परदेशातूनही देता येतो, पण निघण्याआधी एकदा करून बघा. वर्षात 182 दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर प्राप्तिकराच्या दृष्टीनं ‘अनिवासी’ ठरू शकता, ते सीएला विचारा. घर, बँक, सोसायटीचे व्यवहार बघायला मुलाला किंवा पुतण्याला मुखत्यारपत्र देऊन ठेवा.

आणि भारतात येणाऱ्यांचं काय?

या भूमीत परवानगीचा प्रश्न जुनाच आहे. 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सपत्नीक आलेले सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना परत पाठवायचाच घाट घातला होता.

आज भारताचा स्वतंत्र मिशनरी व्हिसा आहे. त्यासाठी बोलावणाऱ्या संस्थेचं पत्र दोन प्रतींत लागतं. कुठं जाणार, किती दिवस राहणार, काम काय हे त्यात लिहिलेलं हवं, शिवाय राहण्या-जेवण्याच्या खर्चाची हमीही. व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर साधारणपणे आल्यापासून 14 दिवसांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींना एक गोष्ट ठाऊक नसते. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलं की भारतात काहीही करायला मोकळीक, असा समज आहे. तो चुकीचा आहे. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार मिशनरी कामासाठी ओसीआयधारकालाही विशेष परवानगी घ्यावी लागते. नातेवाइकांकडे येऊन रविवारी उपासनेला जाणं यात येत नाही. बिल्ला लावून काम करायचं असेल तर अर्ज आधी करायचा, आणि परवानगी हातात आल्यावरच तिकीट काढायचं.