किमोची ऑर्डर फोनवर : ‘सही उद्या करतो’ का चालत नाही

किमोची (कर्करोगावरच्या केमोथेरपीची) औषध-मागणीची स्लिप फार्मसीतून परत आली की राग सिस्टरवर निघतो. पेशंट सकाळपासून ताटकळलेला, नातेवाईक वैतागलेले आणि स्लिपवर शेरा : ‘लेखी ऑर्डर जोडा’. घोळ बहुधा एकाच नियमाचा असतो. तोंडी (समोर किंवा फोनवर सांगितलेल्या) ऑर्डरवर डॉक्टरांनी 24 तासांत सही करायची, असं अनेक रुग्णालयांच्या धोरणात लिहिलेलं असतं. पण ती सवलत तातडीच्या इतर औषधांसाठी आहे, किमोसाठी नाही. अमेरिकेतल्या एएससीओ (कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांची) आणि ओएनएस (कर्करोग विभागातल्या सिस्टरांची) या संघटनांच्या मानकांनुसार किमोबाबत तोंडी ऑर्डर फक्त औषध रोखायला किंवा थांबवायला चालते.

कारण साधं आहे. सिस्प्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन ही किमोची दोन वेगळी औषधं, पण फोनवर सारखीच ऐकू येतात. सिस्प्लॅटिनचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो, जो उंची-वजनावरून काढतात. 75 मिग्रॅ प्रति चौरस मीटर धरलं, तर 1.6 चौरस मीटर पृष्ठभागाच्या पेशंटला 120 मिग्रॅ होतं. कार्बोप्लॅटिनचा डोस सहज 500 मिग्रॅच्या घरात जातो. अदलाबदल झाली तर जिवावर बेतेल. तिथे उद्याची सही काय कामाची?

किमो कोण देणार? नोंदणीकृत आणि किमोचं प्रशिक्षण घेतलेली सिस्टर. दुसऱ्या वॉर्डातून एका पाळीसाठी आलेली नव्हे, विद्यार्थिनी तर नाहीच.

कागद : सही केलेली ऑर्डर (औषध, डोस, देण्याचा मार्ग, सायकल म्हणजे कितवी फेरी, दिवस), संमतीपत्र, ताजा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). हे सगळं सहसा मिळतं. मिळत नाही ते आजचं वजन! मागच्या सायकलचा आकडा उतरवलेला असतो आणि मधल्या तीन आठवड्यांत पेशंट खंगलेला असतो. काटा वॉर्डातच आहे, दोन मिनिटं लागतात. कृपा करून वजन करा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो लेखी ऑर्डर म्हणून पुढे करू नका. डॉक्टर बाहेरगावी असतील तर रुग्णालयाच्या संगणकप्रणालीतून ऑर्डर घालू देत, नाहीतर अधिकार असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना लिहू देत. ‘सर ओरडतील’ म्हणून नव्या मुली गप्प बसतात. ओरडू देत.

रिअ‍ॅक्शन आली तर मात्र कागदाची वाट पाहायची नाही. ड्रिप लगेच बंद, मग फोन. ‘थांबवा’ म्हटलेलं लिहून घ्या, परत वाचून दाखवा, वेळ आणि डॉक्टरांचं नाव टाका. ही सही 24 तासांत चालते. तासाभराने ‘आता हळू सुरू करा’ असा फोन येतो, तेव्हा बऱ्याच जणी फसतात. पुन्हा सुरू करायला लेखी ऑर्डरच लागते.