बाल संगोपन योजना : कोल्हापूर जिल्ह्यात अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात?

"ती योजना अनाथ पोरांची. आमच्या पोराला आई हाय की," असं म्हणून कितीतरी घरांत अर्जच भरला जात नाही. खरं तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना एक पालक गमावलेल्या मुलांसाठीही आहे. वडील वारले असतील, घटस्फोट झाला असेल, आई-वडिलांपैकी कुणी सोडून गेलं असेल, तुरुंगात असेल किंवा कॅन्सर, एचआयव्हीसारख्या आजाराने अंथरुणाला खिळलं असेल, तर १८ वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज करता येतो. आजी किंवा मामा सांभाळत असतील तर तेही करू शकतात. २०२३ पासून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्याआधी ही रक्कम १,१०० होती.

याच्याच शेजारची दुसरी योजना म्हणजे केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना, लोकांच्या तोंडी 'स्पॉन्सरशिप'. तिच्यात महिन्याला ४,००० रुपये आहेत, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० आहे. ही मर्यादा फारच खाली आहे, हे माझं स्पष्ट मत. २५० रुपये हजेरीने महिन्यातले २५ दिवस भांगलणीला गेलेल्या बाईचेही वर्षाला ७५,००० होतात, म्हणजे ती बाहेर. एकाच मुलाला दोन्ही योजना मिळत नाहीत. आपण कशात बसतो ते कार्यालयात विचारूनच अर्ज भरा.

आता कार्यालय कुठलं? इथेच बहुतेकांचा पहिला हेलपाटा होतो. जिल्हा परिषदेतला महिला व बालकल्याण विभाग अंगणवाड्यांचं काम बघतो. आपला अर्ज तिथे नाही. तो कोल्हापुरातल्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यायचा. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा निघायच्या आधी तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याला किंवा गावातल्या अंगणवाडी सेविकेला कागद दाखवून घ्या. अर्जाला फी नाही. 'फाईल करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

कागद असे : मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँक पासबुकची झेरॉक्स, मुलाचे पासपोर्ट फोटो आणि घराच्या दारात मुलासोबत उभं राहून काढलेला पालकाचा फोटो. शिवाय परिस्थितीचा पुरावा : मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा आजाराचे दवाखान्याचे कागद.

घोडं अडतं ते नावांपाशी. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव 'सुनिता', आधारवर 'सुनीता', आणि पासबुकावर माहेरचं आडनाव. असले तीन कागद एका फाईलला लावले की अर्ज परत आलाच म्हणून समजा. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हेही बँकेत जाऊन विचारा.

मृत्यूची नोंदच केली नसेल तर? नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून सगळ्यात आधी त्याला हात घाला.

नवऱ्याने टाकलेल्या बाईचं जास्त अवघड. तिच्याकडे ना मृत्यूचा दाखला, ना घटस्फोटाचा कागद. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ४५ मध्ये विधवा आणि घटस्फोटितेबरोबर टाकून दिलेली आईही स्पष्ट धरली आहे. पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज, पोटगीच्या दाव्याचा कागद, असेल ते जोडा. काहीच नसेल तर गृहचौकशीवर बरंच अवलंबून राहतं.

गृहचौकशी म्हणजे कर्मचारी घरी येऊन बघतात : मूल कुणाजवळ राहतं, शाळेत जातं का, चूल कुणाच्या कमाईवर पेटते. शेजाऱ्यांनाही विचारतात. लाजेने 'मालक कामाला पुण्याला असतात' असं सांगून टाकलं, तर तेच अहवालात उतरतं. जे आहे ते सांगा. अहवाल बाल कल्याण समितीपुढे जातो. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं. कोर्टासारखं भिण्याचं कारण नाही, वकीलही लागत नाही. समितीचा आदेश झाला की मंजुरीनंतर पैसे खात्यात येतात. मात्र अनुदान दर महिन्याच्या महिन्याला येईल असं धरून उसनवारी करू नका, ते बऱ्याचदा काही महिन्यांचं एकदम जमा होतं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे सरकारनेही त्याचं परिपत्रक काढलं. कुंकू-मंगळसूत्र राहिलं, पण घरातली कमाई गेली ती गेलीच. मृत्यूची नोंद होतानाच ग्रामपंचायतीने या योजनेचा कोरा अर्ज हातात ठेवला, तर निम्मे हेलपाटे वाचतील.

आदेशाची प्रत जपून ठेवा, पुढच्या चौकशीला तोच क्रमांक लागतो. दरवर्षी नवं बोनाफाईड द्यावं लागतं. अर्ज नाकारला तर लेखी आदेश मागा. त्याविरुद्ध ३० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.