कॅसेटमधलं रेकॉर्डिंग आणि बॉक्समधलं रेकॉर्डिंग: दोन्ही एकच समजू नका

"सेट-टॉप बॉक्सची हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला लावली, तर लॅपटॉप फॉरमॅट करू का विचारतोय. काय करू?" नात्यातून, सोसायटीतून, जुन्या ऑफिसातून हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो. पहिलं उत्तर: फॉरमॅट करू नका. 'नाही' दाबा, डिस्क परत बॉक्सला लावा, मग पुढचं वाचा.

घोळ 'रेकॉर्डिंग' या शब्दातच आहे. हा शब्द आपण व्हीसीआरच्या काळात शिकलो आणि त्याचा तेव्हाचा अर्थ तसाच धरून बसलो.

कॅसेटचं तुम्हाला सांगायला नको. ई-१८० घातली, लाल बटण दाबलं, तीन तासांची सोय झाली. वर कुणी दुसरं काही टेप करू नये म्हणून मागची प्लास्टिकची टिकली मोडून टाकली. चित्र फितीवर उमटलं की ते त्या फितीचं झालं. तीच कॅसेट शेजाऱ्यांकडे चालायची, मावशीकडे चालायची, व्हीसीआर कुठल्या कंपनीचा आहे याने फरक पडत नव्हता. केबलचं बिल थकलं म्हणून आधी टेप केलेला कार्यक्रम कधी बंद पडला नाही.

बॉक्समध्ये नेमकं हेच उलटं आहे. तिथलं रेकॉर्डिंग डिस्कचं होत नाही, बॉक्सचं राहतं.

डिशवरून येणारे पैशाचे चॅनेल कुलूप लावूनच येतात. बॉक्समध्ये घातलेलं तुमचं कार्ड आणि आतली चिप मिळून ते कुलूप त्या-त्या क्षणी उघडतात आणि चित्र टीव्हीकडे पाठवतात. रेकॉर्ड करताना मात्र बॉक्स उघडं चित्र डिस्कवर ठेवत नाही, कुलूपबंद मजकूर लिहितो. त्याची किल्ली डिस्कवर नसते, ती बॉक्समध्ये असते. म्हणून डिस्क तुमची, पैसे तुमचे, तरी शेजाऱ्यांच्या अगदी त्याच मॉडेलच्या बॉक्सला ती लावली तर काही दिसणार नाही. कित्येक बॉक्सवर रिचार्ज संपला की जुनी रेकॉर्डिंगंही उघडत नाहीत. लॅपटॉपला तर बहुतेक वेळा डिस्कची मांडणीच कळत नाही, म्हणून तो फॉरमॅटचं विचारतो. समजा फाइली दिसल्या आणि तुम्ही त्या कॉपी केल्या, तरी तुमच्याकडे आली ती कुलूपबंद पेटीची दुसरी पेटी. "कन्व्हर्टरमधून काढ ना" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. कन्व्हर्टर एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारची करतो, किल्ली कुठून आणणार? कुलूप फोडून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. पैसे जातात आणि संगणकात नको ते शिरतं.

मग "आमच्या गावाला तर पेनड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर सरळ चालतं" असं सांगणारा एक जण भेटतोच. तो खरं बोलतो. त्याच्याकडे बाजारातून घेतलेला साधा बॉक्स असतो आणि तो डीडी फ्री डिशचे मोफत चॅनेल रेकॉर्ड करतो. मोफत चॅनेलला कुलूप नाही, म्हणून असे बरेच बॉक्स सरळ टीएस प्रकारची फाइल लिहितात आणि ती व्हीएलसी या व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. लांब कार्यक्रमाचे तुकडे झाले असतील तर घाबरू नका: फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, इतकंच कारण. या लोकांनी खुशाल कॉपी करावी. बाकीच्यांनी त्यांच्या अनुभवावर विसंबू नये.

हे मी इतकं घासून का सांगतोय? माझ्या मामांची मुलाखत सह्याद्रीवरच्या शेतीच्या कार्यक्रमात झाली होती. निळा फेटा, मागे द्राक्षाचा मांडव, आणि माइक दिसल्यावर नेहमीपेक्षा हळू बोलणारे मामा. मामींनी ती कंपनीच्या बॉक्सला लावलेल्या हार्ड डिस्कवर घेतली होती, आणि असा बॉक्स मोफत चॅनेलही कुलूप लावूनच लिहितो. मामा गेल्यावर वर्षभराने बॉक्स बिघडला. कंपनीचा माणूस आला, "नवीन फुकट मिळतोय" म्हणाला, जुना घेऊन गेला. डिस्क मामींकडेच राहिली, म्हणून सगळे निर्धास्त होते. नव्या बॉक्सला लावली तर त्याने ती ओळखलीच नाही. डिस्क अजून कपाटात आहे. तिच्यात मुलाखत आहे, आणि ती कुणालाही पाहता येत नाही.

म्हणून बॉक्समधलं रेकॉर्डिंग ठेवायचं असेल तर कॉपीचा विचार सोडा आणि कॅप्चर करा. म्हणजे बॉक्स चालू ठेवायचा, कार्यक्रम त्याच्यावरच लावायचा, आणि टीव्हीकडे जाणारं चित्र वाटेत पकडायचं. एका तासाच्या कार्यक्रमाला एक तासच लागतो, घाईचा मार्ग नाही. बॉक्सच्या एव्ही आउटपासून यूएसबी कॅप्चर कार्डापर्यंत (चित्र पकडून लॅपटॉपमध्ये देणारी छोटी डबी) पिवळी-लाल-पांढरी केबल लावा. एचडीएमआयने करायला गेलात तर बहुधा काळा पडदा मिळेल, कारण त्या वाटेवरही कुलूप असतं. नव्या बॉक्सना तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं. त्याच्या केबलीची जोडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. पिवळी पिन लावून चित्राऐवजी नुसत्या रेघा आल्या, तर कार्ड खराब म्हणून परत करू नका. पिना आपसात बदलून पाहा, कधीकधी चित्र लाल पिनेतून येतं.

सेटिंगबद्दल माझं मत पक्कं आहे: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, साधारण ६ एमबीपीएस (सेकंदाला ६ मेगाबिट). तासाला २.७ जीबी जागा लागते, ती द्या. जुनं चौकोनी चित्र ताणून रुंद करू नका, माणसं बुटकी दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही मूळ प्रत नव्हे. आणि मोबाइल टीव्हीसमोर धरून घेतलेलं चित्रण अगदीच नाइलाज असेल तरच.

कॅसेटलाही हीच जोडणी, हीच सेटिंगं, फक्त बॉक्सच्या जागी व्हीसीआर. तिथे कुलूप नाही, पण चालणारं यंत्र मिळणं कठीण. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६मध्ये ते बनवणं थांबवलं, तेव्हापासून दुरुस्तीवालेच आधार. कॅसेट घालण्याआधी खिडकीतून फितीकडे पाहा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, कोकणातल्या घरांत हमखास. तशी कॅसेट यंत्रात घालू नका, फीत वाचणाऱ्या हेडला बुरशी लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही जातात. आधी जाणत्याकडून साफ करून घ्या.

दोन्ही घरात असतील तर आधी बॉक्स हाती घ्या. कॅसेट आणखी एक पावसाळा कोरड्या डब्यात काढेल. बॉक्सचं मात्र एका फोनवर ठरतं: "मॅडम, आज तुमच्या एरियात आहे, जुना बॉक्स बदलून देतो." त्याला शनिवारनंतर या म्हणून सांगा, आणि आज रात्रीच केबल लावा.