सिंगापूरचं लिटल इंडिया: सुरुवात गुरांपासून

सिंगापूरला गेलेला आपला माणूस लिटल इंडियातल्या मुस्तफा या मोठ्या दुकानाला एक चक्कर मारतोच, पूर्वी तर ते चोवीस तास उघडं असायचं. आणि बऱ्याच जणांना वाटतं की ब्रिटिशांनी इंडियन लोकांना ही जागा नेमून दिली असणार. तसं नाहीये. १८२२ च्या जॅक्सन प्लॅनमध्ये, म्हणजे ब्रिटिशांच्या शहर आराखड्यात, भारतीयांसाठी जी जागा दाखवली होती ती सिंगापूर नदीच्या काठावर, चुलिया (म्हणजे तमिळ मुसलमान) लोकांची वस्ती म्हणून. आजचा लिटल इंडिया त्यात नव्हताच.

मग इथे लोक आले कसे, तर गुरांमुळे. सेरांगून रोडचा हा भाग सखल, दलदलीचा, जवळून रोचोर नदी जाते, म्हणजे पाणी आणि गवत दोन्ही फुकट. १८४० च्या दशकात शेजारी रेसकोर्स झाला, गोरे साहेब राहायला आले, आणि पुढे म्हशी-बैलांचा धंदा इतका वाढला की गवळी, गाडीवाले, कसाई, कातडं कमावणारे सगळे इथेच स्थिरावले. गंमत म्हणजे या धंद्यातलं मोठं नाव तमिळ नाही, कलकत्त्याहून आलेला बेलिलिओस नावाचा ज्यू व्यापारी, त्याच्या नावाचा रस्ता अजून आहे. बफेलो रोडही आहेच.

कामगारांमध्ये शिक्षा भोगायला आणलेले कैदीही होते हे आपण सहसा विसरतो. १८२५ पासून ते यायला लागले, मद्रास, बंगाल आणि आपल्या मुंबई इलाख्यातूनही, आणि सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्याच हातचं. १८७३ मध्ये ही पद्धत बंद झाली.

माणसं आली की देवळं येणारच. श्रीनिवास पेरुमाळ १८५५ चं, थैपुसम या तमिळ सणाची कावडी मिरवणूक आजही तिथूनच निघते. पण वस्ती कधीच शंभर टक्के भारतीय नव्हती. केरबाऊ रोडवरचं रंगीबेरंगी घर, ज्याच्यासमोर सगळे सेल्फी काढतात, ते १९०० चं आणि एका चिनी उद्योजकाचं.

१९३० च्या दशकात दलदल बुजवली, गुरं गेली, दुकानं वाढली. लिटल इंडिया हे नाव तर १९८० च्या दशकात टुरिझमवाल्यांनी चिकटवलं, जुने लोक तेक्काच म्हणतात. १९८९ मध्ये भाग हेरिटेज म्हणून जपायला घेतला, रंगरंगोटी झाली आणि माझ्या मते थोडा जास्तच गोड झाला.

खरा लिटल इंडिया रविवारी दिसतो. तमिळ आणि बांगलादेशी मजूर आठवड्याची सुट्टी घालवायला, पैसे पाठवायला, मित्रांना भेटायला येतात, फूटपाथवर पाय ठेवायला जागा नसते. ८ डिसेंबर २०१३ च्या रात्री रेसकोर्स रोडवर बसखाली एक तमिळ मजूर गेला आणि दंगल उसळली, चाळीसपेक्षा जास्त वर्षांत सिंगापूरने असं पाहिलं नव्हतं. त्यानंतर २०१५ मध्ये रात्री साडेदहानंतर सार्वजनिक ठिकाणी दारू पिण्यावर देशभर बंदी आली, आणि लिटल इंडिया व गेलांग या दुसऱ्या एका भागाला तर त्याहून कडक नियम लागले. मजूर अजूनही येतात, जाणार तरी कुठे, इथल्यासारखा स्वस्त सांबार-भात दुसरीकडे मिळत नाही.