तापविद्युत तंतू

कपड्यात विणता किंवा टाचता येणारे अर्धसंवाहक धागे. दोन टोकांच्या तापमानांत फरक पडला की त्यांत विद्युतदाब निर्माण होतो (सीबेक परिणाम, १८२१). उलट, वीज सोडली की एक टोक गार आणि दुसरे गरम होते (पेल्तिए परिणाम, १८३४). अंगावरचे संवेदक शरीराच्या उष्णतेवर चालवणे आणि त्वचा गार ठेवणे, असे त्यांचे दोन उपयोग आहेत.

साधारण खोलीच्या तापमानाला बिस्मथ टेल्युराइड सर्वांत जास्त वापरतात. पी-प्रकारासाठी (धन भारवाहकांचा) त्यात अँटिमनी, तर एन-प्रकारासाठी (ऋण भारवाहकांचा) सेलेनियम मिसळतात. हा पदार्थ ठिसूळ आहे, म्हणून तंतूचा गाभा (काचेच्या आवरणातला हा पदार्थ) बारीक लागतो. १०० मायक्रोमीटर व्यासाचा गाभा १० मिमी त्रिज्येत वळवला की बाहेरची कड ०.५ टक्के ताणली जाते. व्यास निम्मा केला तर ताणही निम्मा.

काचेच्या नळीत या पदार्थाची कांडी घालून भट्टीत तार ओढतात. टेल्युराइड ५८५° से.ला वितळते, त्यामुळे काच मऊ होईपर्यंत गाभा पूर्ण द्रव असतो. नळीत हवा राहिली तर तो ऑक्सिडीकृत होतो. भट्टी फार तापली किंवा ओढ मंदावली तर थेंबाथेंबांत तुटतो. काचेचे आवरण मात्र पुढे नडते. १०० मायक्रोमीटर गाभ्याच्या ३०० मायक्रोमीटर तंतूत काचेचे क्षेत्रफळ गाभ्याच्या आठपट असते आणि काच जवळपास गाभ्याइतकीच उष्णता वाहते. बरीचशी उष्णता वीज न देताच निसटते, म्हणून आवरण काढावे किंवा पातळ करावे लागते. कार्बन नॅनोनलिकांचे आणि संवाहक बहुवारिकांचे (पॉलिमर) धागे लवचिक असतात, पण त्यांची कार्यक्षमता कमी पडते.

खरी अडचण पदार्थापेक्षा तापमानफरकाची आणि सांध्यांची आहे. त्वचा ३३° आणि हवा २३° असली, तरी बहुतेक फरक त्वचेशी होणाऱ्या अपुऱ्या स्पर्शात आणि बाहेरच्या स्थिर हवेत खर्च होतो. धाग्याच्या वाट्याला १.५° आला असे धरू. दर अंशाला ०.४ मिलिव्होल्ट देणाऱ्या १०० जोड्या (प्रत्येकीत एक पी आणि एक एन तुकडा) ६० मिलिव्होल्ट देतील. ३ मिमी लांबीच्या २०० तुकड्यांचा रोध सुमारे ७६० ओहम, म्हणजे जास्तीत जास्त १.२ मायक्रोवॉट. दर टोकाच्या सोल्डरने १ ओहम वाढवला, तर त्यातलीही एक तृतीयांश शक्ती गेली. सोल्डरमधले कथिल टेल्युराइडमध्ये शिरू नये म्हणून सोल्डरआधी निकेलचा थर देतात. तुकडे कापडाच्या जाडीतून आरपार टाचायचे. आडवे विणले तर दोन्ही टोकांना सारखेच तापमान मिळते.

थंडावा देताना हिशेब आणखी कडक होतो. याच २०० तुकड्यांत १६ मिलिअँपिअर सोडले, तर टोकांत तापमानफरक नसताना ०.०९ वॉट उष्णता उचलली जाते. विश्रांत शरीराच्या सुमारे १६ चौ. सेंमी. त्वचेतून बाहेर पडणारी ही उष्णता. त्यासाठी ०.१९ वॉट वीज लागते आणि बाहेरच्या बाजूला ०.२८ वॉट टाकावे लागतात. प्रवाह याहून वाढवला तर जूल-तापनाची (रोधामुळे प्रवाहाने होणाऱ्या उष्णतेची) वाढ थंडाव्याच्या वाढीपेक्षा जास्त होते. बाहेर वारा खेळता नसेल, तर गरम बाजू तापत जाते, उष्णता तंतूंतूनच परतते आणि काही वेळाने कापड गारव्याऐवजी ऊब देऊ लागते.