शॉनची उडी आणि अर्धवट शिकवलेलं दृष्टिसातत्य

मुलांचा एखादा ॲनिमेशनपट गाजला, की 'कार्टून हलतं कसं' हे समजावणाऱ्या व्हिडिओंचं पेव फुटतं. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: डोळ्यात प्रतिमा सेकंदाचा सोळावा भाग टिकून राहते, म्हणून एकापाठोपाठ दाखवलेली चित्रं एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला हालचाल दिसते. शाळेत आपणही हेच शिकलो. 'दृष्टिसातत्य' असं लिहून मार्कही मिळवले. माझी तक्रार अशी, की हे स्पष्टीकरण नुसतं अपुरं नाही, ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

ही तक्रार मांडायला 'शॉन द शीप मूव्ही' फार सोयीचा आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या आर्डमन स्टुडिओचं हे मेंढरू पहिल्यांदा दिसलं ते निक पार्कच्या १९९५ सालच्या लघुपटात. २००७ पासून बीबीसीवर त्याची स्वतःची मालिका सुरू झाली आणि २०१५ मध्ये रिचर्ड स्टारझॅक व मार्क बर्टन यांनी त्यावर पूर्ण लांबीचा चित्रपट केला. ८५ मिनिटांत समजेल असा एकही संवाद नाही, नुसतं बें बें आणि शेतकऱ्याची पुटपुट. सगळी गोष्ट हालचालीतून सांगायची.

आणि हालचाल तर कुठेच नाही! शॉनच्या लोकरीखाली सांधे असलेला धातूचा सांगाडा आहे. ॲनिमेटर त्याचा पाय बोटाने किंचित सरकवतो, बाजूला होतो, फोटो घेतो, पुन्हा सरकवतो. सिनेमाच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात, पण अशा कामात बहुतेक वेळा एकच पोझ दोन फ्रेमसाठी वापरतात. म्हणजे सेकंदाला १२ पोझ. ८५ मिनिटांच्या १,२२,४०० फ्रेम होतात आणि त्यांच्या निम्म्या धरल्या तरी साठ हजारांवर पोझ. वेगवान प्रसंगांत प्रत्येक फ्रेमला नवी पोझ द्यावी लागते, ते वेगळंच. एका ॲनिमेटरच्या दिवसभराच्या कष्टातून पडद्यावरचे जेमतेम काही सेकंद निघतात. यातल्या एकाही फोटोच्या क्षणी शॉन हलत नव्हता. एका पोझपासून पुढच्या पोझपर्यंत पडद्यावर ८३ मिलिसेकंद जातात आणि मधल्या जागेचं चित्र कुणी काढलेलंच नसतं.

आता दृष्टिसातत्याचा दावा तपासू. समजा पहिल्या पोझची प्रतिमा डोळ्यात खरंच रेंगाळली आणि तिच्यावर दुसरी येऊन बसली. काय दिसायला हवं? एकावर एक छापलेले दोन शॉन, चार कान, पुसट कडा. रेंगाळण्याने फार तर चित्रांचा गिचमिडा होईल, उडी कशी होईल?

हे प्रयोगाने दाखवलं मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने. १९१० साली फ्रँकफर्टमध्ये त्याने लोकांना दोनच रेषा दाखवल्या, आधी एक, मग थोड्या अंतरावर दुसरी. त्याचे प्रेक्षक साधेसुधे नव्हते, त्यांत कोहलर आणि कोफ्का होते. या तिघांनी मिळून पुढे मानसशास्त्राचा एक संप्रदायच उभा केला. दोन रेषांमधला वेळ ३० मिलिसेकंद ठेवला, की त्या एकाच वेळी लागल्यासारख्या दिसत. २०० ठेवला, की आधी ही, मग ती. पण ६०च्या आसपास ठेवला, की एकच रेष इथून तिथे सरकताना स्पष्ट दिसे. १९१२ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. चित्रं जिथे खरोखर मिसळतात, त्या ३० मिलिसेकंदांवर हालचाल नाहीशी होते. पाठ्यपुस्तकाच्या नेमकं उलट. शॉनचे ८३ मिलिसेकंद कुठे बसतात, तेही बघा.

मग दृष्टिसातत्य काहीच करत नाही का? करतं, पण ते काम लुकलुक घालवण्याचं. फिल्मच्या जुन्या प्रोजेक्टरमधला पंखा एकच फ्रेम दोनदा किंवा तीनदा झाकून-उघडून दाखवायचा. सेकंदाला २४ चित्रं आणि ४८ किंवा ७२ चमका. नुसत्या २४ चमका डोळ्यांना खुपतात. चमका सलग प्रकाशासारख्या भासणं हा एक प्रश्न, आणि स्थिर चित्रांतून गती दिसणं हा दुसरा. 'माणसाचा डोळा सेकंदाला २४च चित्रं पाहू शकतो' हे लोणकढं वाक्य या गल्लतीतूनच जन्मलं. २४चा आकडा फिल्मचा खर्च आणि आवाजाचा दर्जा यांच्या तडजोडीतून आला, डोळ्याच्या रचनेतून नव्हे.

याच गल्लतीवर आणखी एक भूत पोसलं गेलं: कार्टूनमध्ये एखादी लपवलेली फ्रेम घालून मुलांच्या मनावर ताबा मिळवतात म्हणे. या कथेचं मूळ १९५७ सालच्या अमेरिकेत आहे. जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरातवाल्याने दावा केला, की पडद्यावर क्षणभर संदेश दाखवून त्याने पॉपकॉर्नचा खप वाढवला. १९६२ मध्ये त्यानेच कबूल केलं, की त्यात दम नव्हता. तरी ही अफवा अजून फिरतेच. अपाय झाल्याचं खरं उदाहरण वेगळं आहे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानी टीव्हीवर पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा लखलखला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. कारण लखलखाट. त्यात संदेश नाही, संमोहन नाही, जादूटोणा तर नाहीच.

असो. माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. गती दिसते कशी?

१९५०च्या दशकात बर्नहार्ड हासेनश्टाइन हा जीवशास्त्रज्ञ आणि वेर्नर राइशार्ट हा भौतिकशास्त्रज्ञ, या दोघा जर्मनांनी एक भुंगेरा धरला. क्लोरोफॅनस त्याचं नाव. त्याची पाठ एका काडीला चिकटवून त्याला अधांतरी टांगलं आणि पायांत गवताच्या काड्यांचा हलका पोकळ गोळा दिला. गोळ्याच्या काड्या इंग्रजी 'वाय'सारख्या जुळवलेल्या. भुंगेऱ्याला वाटतं आपण काडीवरून चाललोय, प्रत्यक्षात तो जागेवरच असतो आणि त्याच्या पायांखाली गोळा फिरतो. दर थोड्या वेळाने फाटा येतो: डावीकडे की उजवीकडे? भोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पिंप फिरवला, की भुंगेरा पट्ट्यांच्या दिशेने वळतो. डावी-उजवी वळणं मोजत बसायचं. भुंगेऱ्याला गती किती आणि कुठल्या दिशेने दिसते, याचं माप हातात!

त्या मोजमापांतून निघालेलं यंत्र असं. डोळ्यातले शेजारशेजारचे दोन बिंदू घ्या, डावीकडे अ आणि उजवीकडे ब. अचा संकेत थोडा उशिरा पुढे पाठवा, बचा लगेच. मग दोन्हींचा गुणाकार करा. वस्तू अकडून बकडे गेली, तर अचा रखडलेला संकेत आणि बचा ताजा संकेत एकाच वेळी पोहोचतात आणि गुणाकार मोठा येतो. उलट गेली, तर चुकामूक होते आणि गुणाकार जवळपास शून्य. याचीच आरशातली जोडी दुसऱ्या बाजूला ठेवा, जिच्यात उशीर बला आहे. दोन्ही गुणाकारांची वजाबाकी करा. उत्तर धन आलं तर गती उजवीकडे, ऋण आलं तर डावीकडे. बस्स.

बेरीज न करता गुणाकारच का? कारण दोघांनी एक तिरपा प्रयोग केला. एका जागी उजेड वाढवला आणि लगेच शेजारच्या जागी तो कमी केला. भुंगेरा उलट्या दिशेला वळला. वाढ म्हणजे अधिक, घट म्हणजे उणे, आणि अधिक गुणिले उणे म्हणजे उणे! भुंगेऱ्याचा मेंदू शाळेतला चिन्हांचा नियम पाळत होता. माणसातही हेच घडतं. १९७० साली स्टुअर्ट ॲन्स्टिसने एक चित्र दाखवलं आणि मग तेच चित्र किंचित उजवीकडे सरकवून, पण निगेटिव्ह करून दाखवलं. लोकांना ते डावीकडे सरकताना दिसलं. रेंगाळणाऱ्या प्रतिमांच्या सिद्धान्ताला हे बापजन्मात सांगता आलं नसतं. माणसाच्या मेंदूतलं जोडकाम अर्थातच जास्त गुंतागुंतीचं आहे, त्यासाठी थोडी वेगळी गणितं वापरतात, पण उशीर आणि तुलना हा गाभा तोच.

मुद्दा असा, की अ आणि ब यांच्या मधे काय घडलं, हे या यंत्राला कळतच नाही. त्याला हवेत दोनच नमुने, ठरावीक वेळाच्या अंतराने. अंगणात खरी मेंढी धावली काय किंवा पडद्यावर दोन फोटो लागले काय, अंतर आणि वेळ जुळले की उत्तर सारखंच. सिनेमा पाहताना डोळा 'फसतो' असं म्हणतात, ते मला पटत नाही. रोजच्या जगात जे गणित चालतं, तेच इथेही चालतं. गती ही मेंदूने मांडलेली राशी आहे आणि तिचा विभाग वेगळा आहे. जर्मनीतल्या एका स्त्रीच्या मेंदूचा तो भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता. तिच्यावरचा १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. रंग, आकार तिला व्यवस्थित दिसत, पण कपात ओतलेला चहा गोठल्यासारखा दिसे, त्यामुळे कप कधी भरला ते कळत नसे.

आता शॉनच्या चित्रपटातला सुरुवातीचा प्रसंग बघा. शेतकऱ्याला झोपवण्यासाठी मेंढ्या एकामागून एक कुंपणावरून उड्या मारतात. सगळ्या पांढऱ्या, काळ्या तोंडाच्या, जवळपास सारख्या. समजा पडद्यावर दोन मेंढ्यांमध्ये १० सेंटीमीटर अंतर आहे आणि प्रत्येक पोझमध्ये प्रत्येक मेंढी ६ सेंटीमीटर पुढे जाते. मेंदू जवळची जोडी लावतो. पुढे ६वर स्वतःच मेंढी आहे, पण मागे ४वर मागची मेंढी येऊन उभी राहिली आहे. मग कळप मागे पळताना दिसेल! सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरतात, ते याच कारणाने. अर्ध्या अंतराच्या आत राहायचं, किंवा प्रत्येक मेंढीची ठेवण आणि अंतर थोडं वेगळं ठेवायचं. स्टुडिओतले लोक वजाबाकी मांडत बसत नाहीत. आधीची फ्रेम आणि समोरचं दृश्य स्क्रीनवर आलटूनपालटून बघतात आणि त्यांची नजरच सांगते, उडी जास्त झाली. त्यांच्या स्वतःच्या मेंदूतलं यंत्र तिथे परीक्षक असतं.

आणखी एक अडचण आहे. खरी मेंढी पळताना चित्रित केली, तर शटर उघडं असेपर्यंत ती सरकते आणि चित्र दिशेनुसार थोडं फरफटतं. ती फरफट मेंदूला गतीची दिशा सांगते. बाहुली स्थिर असल्याने शॉनची प्रत्येक फ्रेम लख्ख असते, म्हणून वेगवान हालचाल खडखडते. त्यावर एक उपाय म्हणजे वेगवान उडीत प्रत्येक फ्रेमला नवी पोझ द्यायची, म्हणजे दोन पोझमधलं अंतर कमी होतं. ती किंचितशी खडखड आर्डमनच्या चित्रपटांची चव आहे, असं माझं मत.

ती चव घरोघरी बिघडवण्याची सोय नव्या टीव्हींनी केली आहे. 'मोशन स्मूदिंग' नावाचं सेटिंग दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतःच रचून घुसवतं. जाहिरातीत याला अस्सल अनुभव म्हणतात. एकच पोझ दोन फ्रेम थांबलेली असताना हा अंदाज गडबडतो: शॉन थांबतो, घसरतो, थांबतो, आणि कानांच्या कडेला लिबलिबीत लहरी दिसतात. सेटिंग बहुधा 'पिक्चर'च्या आतल्या कुठल्यातरी उपयादीत दडलेलं असतं, आणि प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव ठेवलेलं असतं. शोधून बंद करा आणि मग कुंपणाचा प्रसंग पुन्हा लावा.