'होदी' की 'येहुदी'? इस्रायलमधल्या मराठी ज्यूंच्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

हिब्रूत ज्यू माणसाला 'येहुदी' म्हणतात आणि भारतीयाला 'होदी'. हिब्रू लिपीत फरक एका अक्षराचा. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, तिथली पहिली पंधरा-सोळा वर्षं या एका अक्षराच्या भांडणात गेली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

पेणकर, रोहेकर, केहिमकर, नागावकर, आष्टमकर. आडनावं वाचली की अलिबाग-पेणचा नकाशाच उभा राहतो. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची मूळकथा. गावात ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं. त्याला ते सरळ 'मशीद' म्हणत. मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं त्यांच्यातले लोक सांगतात.

भारतात ज्यू म्हणून त्यांना कुणी छळलं नाही. मग गेले का? धर्माची ओढ होती, जेरुसलेमचं नाव पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत होतं. शिवाय रेल्वे, पोस्ट, कस्टम्स अशा सरकारी खात्यांत स्थिरावलेल्या या समाजाला इंग्रज गेल्यावर आपलं कसं होणार ही धास्तीही होती. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं, १९५० मध्ये प्रत्येक ज्यूला तिथे येण्याचा हक्क देणारा कायदा आला. त्या सुमारास भारतात बेने इस्रायली वीस हजारांच्या आसपास होते. पुढच्या काही दशकांत त्यांतले बहुतेक निघून गेले.

वाट्याला आली ती तंबू-पत्र्यांची निर्वासित वसाहत, नाहीतर दक्षिणेकडचं वाळवंट. बेअरशेबा, अश्दोद, लोद, रामले. आणि १९५५ मध्ये वसवलेलं दिमोना, जिथे कापड गिरणीत काम मिळे. मुंबईत कारकुनी करणारा माणूस इथे हातात फावडं घेऊन उभा राहिला. हे कष्ट सगळ्याच नवागतांना होते. बेने इस्रायलींना सलत होतं ते वेगळंच. बेअरशेबात गोऱ्यांना पांढरा पाव आणि आम्हाला काळा, ही त्यांची तक्रार त्या काळात गाजली. त्यांच्यातल्या काहींनी १९५१ मध्ये तेल अवीवला येऊन ज्यूइश एजन्सीच्या, म्हणजे ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवणाऱ्या संस्थेच्या, दारात ठाण मांडलं. मागणी एकच: आम्हाला परत भारतात पाठवा. उपोषण-सत्याग्रहाच्या देशातून आलेली माणसं ती, बसून राहणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना खरोखरच परत पाठवावं लागलं. गंमत म्हणजे त्यांतले बरेच जण नंतर पुन्हा इस्रायलला गेले.

खरा स्फोट झाला तो लग्नावरून. इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. ज्यूंची लग्नं रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हातात, त्यामुळे रब्बीने अडवलं की लग्न अडलं. बाईचा घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे, म्हणजे 'गेट' (नवऱ्याने द्यायचा घटस्फोटाचा लेख) देऊन झाला नसेल आणि तिने दुसरं लग्न केलं, तर त्या संततीला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही, असा नियम आहे. कोकणात शतकानुशतकं रब्बीच नव्हते, मग यांचे घटस्फोट कुणी लावले, असा सवाल पुढे आला. बेने इस्रायलींचं उत्तर साधं होतं: आमच्यात घटस्फोट जवळजवळ नव्हतेच, आणि विधवा पुन्हा लग्न करत नसे. शेजारच्या हिंदूंकडून उचललेली रीत अशी थेट रब्बींसमोर पुरावा म्हणून उभी राहिली.

१९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने या लग्नांना मान्यता दिली, पण लग्नं लावणाऱ्या रब्बींसाठी काढलेल्या १९६२ च्या सूचनापत्रात मेख होती. वर किंवा वधू बेने इस्रायली असेल तर आई, आजी आणि मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. पणजीच्या लग्नाचा कागद रेवदंड्याहून कोण आणणार होतं?

सेफार्दी, म्हणजे स्पॅनिश आणि पूर्वेकडच्या परंपरेच्या ज्यूंचे, मुख्य रब्बी तेव्हा होते यित्झाक निसिम, मूळचे बगदादचे. बेने इस्रायलींना हे झोंबणं साहजिक होतं, कारण हा संशय त्यांच्या ओळखीचा होता. मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी १८३६ मध्येच दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालून मागितली होती. मात्र एक गोष्ट लपवता येणार नाही. खुद्द बेने इस्रायलींमध्येही 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' (ज्यूंखेरीज इतर बायकांपासून झालेल्या संततीचे मानले जाणारे) असा भेद होता, आणि काळ्यांशी गोरे रोटीबेटी व्यवहार ठेवत नसत. जातीच्या देशातून कुणीच कोरडं आलं नव्हतं.

१९६४ च्या उन्हाळ्यात गावोगावचे बेने इस्रायली बायकापोरांसह जेरुसलेममध्ये येऊन बसले. प्रश्न आता धर्मखात्याचा राहिला नाही, पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारच्या अंगावर आला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटचं, म्हणजे इस्रायलच्या संसदेचं, खास अधिवेशन भरलं आणि बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांना इतरांइतकेच सगळे हक्क आहेत, असा ठराव झाला. सूचनापत्रातून 'बेने इस्रायल' हे नाव वगळलं गेलं; ज्याच्याबद्दल शंका असेल त्या कुणाचीही चौकशी, अशी शब्दरचना आली. म्हणजे नाव गेलं, चौकशी राहिली. नागरी विवाह आजही नाही. ज्यांना रब्बी नको असतात किंवा ज्यांना रब्बी नाकारतात, ते सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. परदेशातल्या अशा लग्नाची सरकारदरबारी नोंद व्हावी, हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकालही १९६३ चाच.

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू सुमारे ८५ हजार सांगतात, त्यांत बेने इस्रायली सर्वांत जास्त. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं. नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही, पण लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी लागतेच. आणि मलिदा होतोच: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, वर फळांचे काप. ताटाभोवती बसून एलियाहू हान्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, स्मरण होतं, प्रार्थना हिब्रूत. कोकणात या एलियाहूच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात. इस्रायलमधले बेने इस्रायली नवस फेडायला हैफाच्या कार्मेल डोंगरातल्या एलियाहूच्या गुहेत जातात, डब्यात मलिदा घेऊन.